गुडघा कुरकुरतोय पण स्की सोडायची नाहीये? मग सप्टेंबरलाच कामाला लागा

आधी माझी कुंडली सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. वय ५८, मूळची नाशिकची, गेली २५ वर्षं डेन्व्हरजवळ, स्की शिकले ती ३५व्या वर्षी लेकीच्या मागे मागे, ती चार वर्षांची चिमुरडी सुळकन खाली जायची आणि मी वर बर्फात आडवी. आता उजव्या गुडघ्याला आतल्या बाजूने झीज आहे, ग्रेड ३, डाव्याला २. चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी एक्सरेकडे बघून (माझ्याकडे न बघता) सांगितलं की स्की विसरा, पोहायला जा. मला पोहता येत नाही, ते शिकण्यापेक्षा गुडघा सांभाळायला शिकणं सोपं पडेल असं वाटलं आणि तसंच झालं, गेल्या सीझनला २२ दिवस डोंगरावर होते. मी डॉक्टर नाही, आयटीतली बाई आहे, पण फिजिओकडे भरपूर पैसे ओतलेत आणि चुकाही भरपूर केल्यात. तेच सगळं इथे सांगतेय.

पहिलं म्हणजे नक्की काय झालंय ते कळू द्या. आपल्याकडे गुडघा दुखला की सरसकट संधिवात म्हणून मोकळे होतात, पण आमवात वेगळा आणि झिजेचा गुडघा वेगळा. झिजेच्या गुडघ्यात सकाळी उठल्यावर आखडलेपण असतं ते साधारण अर्ध्या तासात सुटतं, चार पावलं चाललं की गाडी रुळावर येते. तासभर आखडलेलंच राहत असेल, हाताची बोटंपण सुजत असतील, तर ते आमवाताचं लक्षण असू शकतं, त्याची औषधं पूर्ण वेगळी, तिथे माझ्या या गाईडचा उपयोग नाही, आधी आमवाताच्या डॉक्टरकडे जा. आणि एक्सरे काढाल तो उभं राहून, पायावर वजन देऊन काढलाय ना ते बघा, झोपून काढलेल्यात सांध्यातली फट चांगली दिसते आणि आपण उगाच खूष होतो. ग्रेड ० ते ४ असते, पण त्या आकड्याला घाबरू नका, ग्रेड ४ वाले आरामात हिंडताना पाहिलेत आणि ग्रेड २ वाले जिना उतरताना रडताना पाहिलेत, एक्सरे आणि दुखणं यांची जोडी नेहमी जमतेच असं नाही.

आकड्यापेक्षा झीज कुठे आहे ते महत्त्वाचं. आतल्या बाजूला आहे, बाहेरच्या बाजूला आहे की वाटीच्या मागे? वाटीवाल्यांना जिना उतरताना, सिनेमात दोन तास बसल्यावर, खोल वाकल्यावर कळ येते, त्यांनी स्की करताना खाली बसल्यासारखा पवित्रा घ्यायचाच नाही. आतल्या बाजूवाल्यांना (मी) ब्रेसचा, म्हणजे गुडघ्याला बांधायच्या आधाराचा, फायदा होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरला "कुठे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर पडू नका.

आता मुद्द्याचं, मला हे कळायला दोन सीझन लागले. मी आधी दुखण्यावरून ठरवायचे, दुखतंय तर थांबायचं, नाही दुखत तर चालू द्या. हे साफ चूक. थंडी, उत्साह, मैत्रिणींची बडबड, त्यात सकाळी घेतलेली गोळी, डोंगरावर दुखतच नाही हो! खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं आणि ते सांगते सूज. सूज नुसती दिसायला वाईट नसते, गुडघ्यात थोडं पाणी जरी झालं, अगदी २०-३० मिली, तरी मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, मेंदूच त्याला पूर्ण जोर लावू देत नाही. म्हणजे दुखत नसलं तरी पाय आतून कच्चा झालेला असतो, आणि असा पाय घेऊन तुम्ही उतारावर गेलात की सगळा भार सांध्यावर. माझी दोन वर्षांपूर्वीची पडझड अशीच झाली, शनिवारी मस्त, रविवारी गुडघा जरासा टम्म पण दुखत नव्हता म्हणून गेले, आणि तिसऱ्याच रनला (वरून खाली एक फेरी म्हणजे एक रन) साध्या निळ्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर पाय दुमडला. त्यानंतर सहा आठवडे घरी.

त्यामुळे आता माझ्या बाथरूममध्ये शिंप्याची टेप लटकलेली असते. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, वाटीच्या वरच्या कडेला टेप गुंडाळून दोन्ही गुडघे मोजते, आकडा फोनमध्ये टाकते. माझ्या नेहमीच्या आकड्यापेक्षा एक सेंटीमीटर जास्त आला की त्या दिवशी स्की नाही, विषय संपला. बर्फ कितीही पडलेला असो. नवरा याला माझा पंचांग बघायचा कार्यक्रम म्हणतो. म्हणू देत.

दुखण्यासाठी वेगळा नियम आहे आणि तो मुख्यतः व्यायामाला लावायचा: ० ते १० मध्ये ५ पर्यंत दुखलं तरी चालेल, पण २४ तासांत परत आधीच्या पातळीवर यायला हवं. डेन्मार्कमध्ये झिजेच्या गुडघ्यासाठी जो व्यायामाचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, ग्लॅड म्हणतात त्याला, त्यात हेच शिकवतात. मला हे ऐकून केवढं हायसं वाटलं, कारण तोपर्यंत जरा टोचलं की मी थांबायचे, आपण अजून झिजवतोय असं वाटायचं. तसं नसतं, बेताच्या व्यायामाने कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, घासून संपत नाही, उलट बसून राहिलं की स्नायू जातो आणि मग सगळंच जातं.

आता व्यायाम. स्की म्हणजे काय, तर दिवसभर गड उतरणं. सिंहगड चढताना गुडघा गप्प असतो, उतरताना बोलायला लागतो, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. स्कीत तेच, शिवाय वाकलेल्या अवस्थेत धरून ठेवायचं. म्हणून नुसतं चालून किंवा योगासनं करून भागत नाही (मी सूर्यनमस्कार सोडलेले नाहीत, पण ते यासाठी पुरत नाहीत). आणि हे दोन आठवड्यात होत नाही, कमीत कमी १० ते १२ आठवडे लागतात, म्हणून सप्टेंबर. गणपती विसर्जन झालं की मी सुरू करते.

पहिले दोन-तीन आठवडे अगदी साधं. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, बसताना सावकाश, तीन-चार सेकंद मोजत, कारण बसतानाच खरी कमाई आहे. दहा वेळा, तीन फेऱ्या. खुर्ची नीची वाटली तर वर उशी टाका. पाठीवर झोपून गुडघा ताठ ठेवून पाय उचलणं. पूल, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, यानं मागचा स्नायू आणि नितंब तयार होतात. आणि रबरी पट्टा गुडघ्यांच्या वर बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं, हे दिसतं फार विनोदी पण कमरेच्या बाजूचा स्नायू तयार नसेल तर वळताना गुडघा आत पडतो, आणि आत पडणारा गुडघा म्हणजे स्कीतलं सगळ्यात मोठं दुखणं. आरशासमोर करा, वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का बघा.

मग पायरीवरून उतरणं. ही माझ्या मते राणी आहे सगळ्यांची. एका पायावर पायरीवर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली जमिनीला टेकवायची आणि परत वर. आधी चार इंची पायरी, नसेल तर जाडजूड पुस्तक भिंतीजवळ नीट ठेवून, मग सहा, मग आठ. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं पण करा, पण वाटीवाल्यांनी ९० अंशापर्यंत जायचं नाही, थोडं वरच थांबायचं, ३० सेकंदांपासून सुरू करून दीड मिनिटापर्यंत. आठवड्यातून तीन दिवस हे, मधल्या दिवशी सायकल, घरातली स्थिर सायकल चालते, सीट जरा उंच ठेवा म्हणजे गुडघा कमी दुमडतो. शेवटचे तीन-चार आठवडे एका पायावर तोल सांभाळणं आणि बाजूला हलकी पावलं टाकणं, उड्या नाहीत. उड्या मारायचं वय गेलं असं नाही, पण माझ्या फिजिओने सांगितलंय की उड्यांतून जे मिळतं ते पायरीतून मिळत असेल तर सूज विकत कशाला घ्या.

वजनाबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही, मलापण नाही. पण एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हा हिशेब इतका फायद्याचा आहे की सोडवत नाही. अडचण एवढीच की आपली तयारी ऐन रंगात येते तेव्हा दिवाळी येते. नाशिकहून फराळाचं पार्सल आलेलं असतं, आईनं पाठवलेला चिवडा परत कोण पाठवणार! मी खाते आणि सायकल वाढवते, फार शहाणपणा करत नाही.

आणि मांडी घालून बसणं. सत्यनारायणाला दोन तास खाली बसायचं, मोदकांना पाटावर बसायचं, हे गुडघ्याला स्कीपेक्षा जड जातं कधीकधी, कारण पूर्ण दुमडून वर वजन. मी आता निर्लज्जपणे खुर्ची मागते. बसायचंच असेल तर सीझनमध्ये स्कीच्या आदल्या दिवशी तरी नको.

औषधांचं थोडक्यात सांगते कारण इथे प्रत्येकाचं प्रकरण वेगळं. जेल हे पहिलं, डायक्लोफेनॅकचं. इकडे अमेरिकेत २०२० पासून १ टक्केवालं चिठ्ठीशिवाय मिळतं. लोक काय करतात, दुखलं की वाटाण्याएवढं चोपडतात आणि म्हणतात काही फरक नाही. गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम लागतं, दिवसातून चार वेळा, सोबत मापाची पट्टी येते ती फेकू नका, आणि सलग लावत राहा, फरक कळायला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. पोटातल्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन वगैरे, त्या जेल लावत असताना सोबत डॉक्टरला न विचारता घेऊ नका. बीपी, किडनी, पोटाचा अल्सर, रक्त पातळ करायची गोळी यातलं काही असेल तर आधीच विचारून घ्या. डोंगरावर हवा कोरडी, पाणी कमी प्यायलं जातं, अंगातलं पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला जास्त जड जातात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि गोळी खाऊन जास्त रन मारायच्या हा व्यवहार तर मुळीच करू नका, ती उधारी दुसऱ्या दिवशी सूज वसूल करते.

इंजेक्शनांचं. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे बरं वाटायला लावतं, महत्त्वाच्या ट्रिपआधी एखादं घेणारे आहेत, पण दर तीन महिन्यांनी घेत राहणं हा मार्ग नाही, २०१७ साली आलेल्या अभ्यासात दोन वर्षं असं घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात सलाइन टोचलेल्यांपेक्षा फरक काही नाही. जेलीचं इंजेक्शन, ज्याला आपल्याकडे "वंगण टाकणं" म्हणतात, आणि रक्तातून काढलेलं पीआरपी, दोन्ही महाग आणि दोन्हीचे निकाल उलटसुलट, मी एकदा पीआरपी केलं, मला तरी काही कळलं नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांना अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शनात स्पष्टपणे "घेऊ नका" म्हटलंय. आई निर्गुडीचं तेल पाठवते, ते मी रात्री लावते, त्यानं कूर्चा उगवत नाही पण झोप फार छान लागते.

आता सामान. इथे लोक पैसे चुकीच्या जागी घालतात, नवीन स्की घेतात आणि बूट भाड्याचे. उलटं करा. बूट स्वतःचे, चांगल्या बूट फिटरकडून, आतला तळवा पायाप्रमाणे बनवून, आणि बुटाच्या वरच्या भागाचा कल तुमच्या पायाप्रमाणे जुळवून. पाय जरा धनुष्यासारखे बाहेर असतील (आतली झीज असली की बहुतेक असतात) आणि बूट सरळ असेल तर स्की सपाट टेकत नाही, मग प्रत्येक वळणाला गुडघाच पिळून ते भरून काढतो. फार कडक बूटपण नको, दुकानदार कडकपणाचा आकडा १२० असलेले दाखवेल, माझ्यासारखीला ८०-९० पुष्कळ.

स्की जरा छोटी, मऊ, आणि मधे अरुंद. पट्ट्यावर म्हणजे मशीनने सारख्या केलेल्या उतारावरच राहायचं असेल तर ७०-८० मिलिमीटर कंबर (मधली रुंदी) पुरते. हल्ली १०० मिलिमीटरच्या रुंद स्कींची फॅशन आहे, पण कडक बर्फावर तेवढी रुंद स्की कडेवर उभी करायला जो पीळ लागतो तो गुडघा देतो.

बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा) फॉर्म भरताना खोटं बोलू नका!! मी बोललेय. वजन पाच किलो कमी लिहिलं, वयाच्या रकान्यात गडबड केली, आणि स्वतःला टाइप ३, म्हणजे जोरात स्की करणारी, लिहिलं कारण शेजारी लेक उभी होती. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करायची पद्धत यावरून डिन नावाचा आकडा ठरतो, त्या आकड्याला स्की पायातून सुटते. वय ५० किंवा जास्त असलं की तक्त्यात एक ओळ वर जातात, म्हणजे स्की लवकर सुटते, आणि ती सुटायलाच हवी. अर्थात बाइंडिंग नडगीचं हाड वाचवतं, गुडघ्यातले लिगामेंट वाचवेलच असं नाही, त्यामुळे ते सेट केलं म्हणजे कवच मिळालं असं समजू नका.

ब्रेस. नुसती लवचीक पट्टी उबेला आणि धीराला चांगली, त्यापलीकडे फार नाही. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूची झीज असेल तर अनलोडर ब्रेस मिळतो, तो एका बाजूचा भार दुसरीकडे ढकलतो, मोजून बनवून घ्या आणि बुटाच्या वरच्या कडेला आपटत नाही ना ते दुकानातच बूट घालून बघा, मी न बघता घेतला होता आणि नडगीवर काळानिळा डाग घेऊन आले. स्प्रिंगवालं स्की-मोजो म्हणून एक येतं, पँटच्या आत बूट ते कंबर असं बसतं, मांडीचं काम हलकं करतं, माझ्या ओळखीतले एक काका त्याच्यावर खूष आहेत, मी वापरलेलं नाही.

प्रत्यक्ष दिवस. डेन्व्हरहून आय-७० हायवेने वर डोंगरात जायला दीड तास, वीकेंडला किती ते देवच जाणे, आणि तेवढा वेळ गुडघा दुमडून बसल्यावर उतरल्या उतरल्या स्की म्हणजे थंड इंजिनाची गाडी चढावर. आम्ही आयडाहो स्प्रिंग्जला थांबतो, कॉफी घेतो, दहा मिनिटं चालतो. पार्किंगमधे बूट घालू नका, साधे बूट घालून जा आणि आत जाऊन बदला, स्की बूट घालून जिने उतरणं हा सगळ्यात फालतू खर्च आहे गुडघ्याचा.

आदल्या रात्री उगाच शौर्य दाखवायला डबल ब्लॅकचे (सगळ्यात अवघड उतारांचे) नकाशे बघत बसू नका. पहिल्या दोन रन हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, लाज नको. आमच्याकडच्या कीस्टोन रिसॉर्टला स्कूलमार्म म्हणून हिरवी रन आहे, साडेतीन मैल लांब, सोपी आहे पण लांब आहे, एका दमात मारली की मांड्या पेटतात, मी मधे पाच-सहा वेळा थांबते, कडेला, खालून-वरून दिसेल अशा जागी. कॉपर माउंटन माझी आवडती कारण तिथे डोंगरच आपणहून वाटून दिलाय, एका टोकाला सोपं आणि दुसऱ्या टोकाला अवघड, चुकून ब्लॅकवर जाऊन पडत नाही. मोगल, म्हणजे ते टेंगळाटेंगळांचे उतार, सोडून द्या. विंटर पार्कच्या मेरी जेनला मी एकेकाळी जायचे, आता खालून बघते. हे एक खरंच सोडावं लागलं, आणि त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

तंत्रात मला तीन गोष्टींनी फरक पडला, त्यासाठी एक दिवस शिकवणीचे पैसे दिले आणि वसूल झाले. एक, उंच उभं राहा. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, कंबर पायांवर, मागे बसायचं नाही. भीती वाटली की माणूस मागे बसतो, मागे बसला की मांडी आणि वाटीवर सगळा ताण, मांडी थकली की अजून मागे. दुसरं, वेग वळणाने कमी करा, दाबून नाही. वळण पूर्ण गोल करायचं, जरासं वर चढेपर्यंत, उतारच ब्रेक लावतो. शेवटी खर्रर्र करून घसटत थांबवणं हे गुडघ्याला झटके. तिसरं, पिझ्झा विसरा. नवशिक्यांना स्कीचं टोक जवळ आणून त्रिकोण करायला शिकवतात, त्यात दोन्ही गुडघे आत वळलेले आणि भार कायम, झिजेच्या गुडघ्याला हे दिवसभर म्हणजे शिक्षा. समांतर स्कीवर जितक्या लवकर याल तितकं बरं.

लिफ्टवर बसलात की फूटरेस्टवर पाय ठेवा. बूट, बाइंडिंग, स्की असं चार-पाच किलो गुडघ्याला लटकत असतं दहा मिनिटं, खालून ओढत. फूटरेस्ट नसेल तर दुखऱ्या पायाची स्की चांगल्या पायाच्या बुटावर टेकवा, लिफ्ट उतरायच्या आधी आठवणीने सोडवा. मी एकदा विसरले, लिफ्ट थांबवावी लागली, सगळी रांग माझ्याकडे बघतेय.

वेळ निवडा. अगदी सकाळी बर्फ काचेसारखा कडक असतो, मार्च-एप्रिलच्या दुपारी तो ओला, जड होतो आणि स्की पकडून ठेवतो, पाय एकीकडे आणि गुडघा एकीकडे. मला दहा ते एक मानवतं. उन्हाचा डोंगर निवडा, ढगाळ पांढऱ्या उजेडात खड्डे दिसत नाहीत, एक न दिसलेला खड्डा दहा रनचं नुकसान करतो. आणि "शेवटची एक" हा शब्द उच्चारायचा नाही. मी रन मोजून जाते, सीझनच्या सुरुवातीला सहा, नंतर दहा-बारा. सातवी छान होणार असं वाटत असतानाच लॉजमध्ये जाऊन सूप प्यायचं, हे मन मारणं जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घरी आलं की पाय छातीपेक्षा वर, बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नाही, मग घट्ट पट्टी. शेक सकाळी, निघायच्या आधी, आखडलेपणासाठी. गरम टब संध्याकाळी मोहात पाडतो, सुजलेला असेल तर नको. दुसऱ्या दिवशी टेप. लागोपाठ दोन दिवस मी आता करतच नाही, एक दिवस स्की आणि एक दिवस सायकल किंवा चालणं, आठवड्याची ट्रिप असेल तरी.

काही गोष्टींना टेपबिप नाही, सरळ डॉक्टर: गुडघा अडकला आणि सरळच होईना, खटकन आवाज येऊन तासा-दोन तासांत फुगला, पायावर वजन देता येईना, लाल-गरम होऊन ताप आला, किंवा लांब प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली. शेवटची गोष्ट रक्ताच्या गुठळीची असू शकते, तिला तेल चोळत बसू नका.

भारतातून विचारणारे बरेच असतात, गुलमर्गला जाऊ का म्हणून. जा, पण गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याच्या नादाला लागू नका. तो जवळपास ४००० मीटरला नेऊन सोडतो आणि तिथून खाली मशीन न फिरवलेला खोल भुसभुशीत बर्फ, त्यात स्की आत रुतते आणि बाहेर पडायचा पीळ गुडघा देतो, शिवाय हिमस्खलनाचा धोका वेगळाच. वर जाऊन फोटो काढा, गोंडोलानेच परत या. खालच्या मैदानाजवळचे उतार आपल्यासाठी. बूट शक्यतो स्वतःचे न्या. आणि पहिले दोन दिवस उंचीची सवय होऊ द्या, दमलेला माणूस गुडघ्यावर पडतो.

समजा हे सगळं करूनही रात्री झोप मोडायला लागली, जिना दोन्ही हातांनी धरावा लागला, तर बदलायचा विषय येतो. पूर्वी गुडघा बदलला की स्की बंद असं सांगायचे, आता तसं सरसकट सांगत नाहीत. साल्झबुर्ग विद्यापीठाच्या लोकांनी गुडघा बदललेल्या म्हाताऱ्या स्कीवाल्यांना १२ आठवडे सोबत घेऊन स्की करवली, २०१५ मध्ये त्याचे पेपर आले, त्यात पायाची ताकद वाढलेली दिसली. अमेरिकेची ऑलिम्पिक विजेती स्कीपटू लिंडसी व्हॉन, तिचा उजवा गुडघा एप्रिल २०२४ मध्ये अर्धा बदलला आणि मार्च २०२५ ला सन व्हॅलीत सुपर-जी नावाच्या शर्यतीत ती दुसरी आली, वय ४०. आता ती ती आहे, आपण आपण, तिच्या उदाहरणावरून डॉक्टरशी भांडू नका. पण आधीपासून स्की येत असेल, सारख्या केलेल्या उतारावर राहायची तयारी असेल तर बरेच सर्जन सहा महिने ते वर्षभराने हो म्हणतात. नव्याने शिकायला मात्र नाही म्हणतात.

माझं ठरलंय की वेळ आलीच तर एप्रिलमध्ये करायचं, सीझन संपता संपता, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात. त्याआधी तीन महिने स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं नाही, इन्फेक्शनचा धोका वाढतो. सर्जनला विचारायचं ते लिहून ठेवलंय: तुमच्या पेशंटपैकी किती जण परत स्की करतात, अर्धा बदलून भागेल का, आणि ऑपरेशनच्या आधीचा व्यायाम कुठला. तोपर्यंत ज्या दिवशी डोंगरावर जायचं नसतं त्या दिवशी मी फ्रिस्कोला सपाटीवरच्या नॉर्डिक स्कीला जाते, आदळआपट नाही, घाम भरपूर, सूज अजिबात नसेल तर दोन तास आणि थोडी असेल तर नुसती काठावर बसून थर्मासमधला चहा.